स्वयंसेवकांची रेल्वे : वारसा कोणाचा?

उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची झाली की त्यांची निगाही समाज आपोआप घेईल, हे आपल्या चळवळीने एके काळी जवळजवळ गृहीत धरले होते. मालकीचा प्रश्न राजकीय. बाकीचे प्रश्न प्रशासनाचे, असा तो हिशेब होता. या हिशेबाला धक्का देणारी, पण खाजगी मालकीचे गोडवे गाणाऱ्यांच्याही फारशी उपयोगी न पडणारी एक हकिकत वेल्समध्ये घडलेली आहे. पुरती बारा किलोमीटरही लांबी नसलेल्या एका रेल्वेची ती हकिकत आहे. ही रेल्वे १९५१ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर चालत आली आहे. सुखवस्तू हौशी लोकांचा खेळ म्हणून आपले अनेक मित्र अशा गोष्टींकडे पाहावयासही तयार नसतात. मला ही बेपर्वाई योग्य वाटत नाही. त्या खेळात समाजवाद्यांनी शिकावे असे काही आहे, आणि समाजवाद्यांनीच ठणकावून विचारावा असा एक प्रश्नही आहे.

या रेल्वेचे नाव टॅलिलिन रेल्वे. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या गावाहून ती निघते आणि अबरगनोलविन या खेड्यावरून डोंगरात जाऊन थांबते. तिचा जन्म मात्र कापसाशी जोडलेला आहे, आणि म्हणून महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती सर्वस्वी परकी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेतील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. त्या टंचाईने आपल्याकडे काय घडविले हे वाचकांना ठाऊकच आहे. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत बँका आणि समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या यांचे पीक आले, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो सारा डोलारा कोसळला. मँचेस्टरमध्ये त्याच वेळी उलटे चित्र होते. गिरण्या थंडावल्या, कामगारांच्या घरी चूल पेटेना आणि मालकांचे भांडवल दुसरा धंदा शोधू लागले. मॅककॉनेल हे तेथील जुने सूतगिरणीवाले घराणे. त्या घराण्यातील पैसा १८६४ मध्ये ब्रिन एग्लुइस येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत उतरला. आपल्याकडे शाळेतील पाटी ज्या दगडाची होत असे तोच हा दगड. विलायतेत त्याचे पातळ थर सुटे करून त्यांनी घरे शाकारीत. औद्योगिक शहरांत घरांच्या रांगा उठत होत्या आणि त्यांना छपरे हवी होती. खाणीतील माल खाली आणण्यासाठी १८६५ मध्ये ही रेल्वे घातली गेली. दोन रुळांतील अंतर अवघे सव्वादोन फूट.

प्रवासी वाहतुकीला परवानगी देण्यापूर्वी १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक पाहणीस आला, तेव्हा पुलांच्या कमानी आणि डबे यांच्यामध्ये पुरेशी मोकळी जागाच नाही असे आढळले. पूल पुन्हा बांधणे खर्चाचे काम. कंपनीने रूळ एका अंगाला सरकवले आणि अरुंद बाजूची डब्यांची दारे कायमची बंद करून टाकली. आजही या गाडीत एकाच बाजूने चढावे-उतरावे लागते. आज पर्यटक त्याची गंमत वाटून घेतात. मालकाने त्या काळी वाचविलेल्या पैशाची ती खूण आहे, हे त्यांना कोणी सांगत असेल तर चांगलेच आहे.

पुढे खाण उतरणीला लागली. १९११ मध्ये हेडन जोन्स नावाच्या स्थानिक गृहस्थांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. ते उदारमतवादी पक्षाचे होते. १९१० पासून १९४५ पर्यंत पार्लमेंटचे सभासद होते. धंदा म्हणून या खरेदीत फारसा अर्थ नव्हता. गावातील माणसांचे काम टिकावे हा हेतू त्यात होता, आणि तो त्यांनी बराच काळ पाळला. १९४६ च्या नाताळात खाणीचा एक भाग कोसळला आणि खाण बंद झाली. रेल्वे मात्र, मी जिवंत आहे तोवर चालेल, असे जोन्स म्हणाले आणि आठवड्यातील थोडे दिवस गाडी धावत राहिली. मार्गावरचे रूळ मूळचेच होते. स्लीपर कुजले होते. रुळांमध्ये इतके गवत माजले होते की त्या गवतानेच रूळ जागच्या जागी धरून ठेवले आहेत, असे लोक म्हणत. आणि ही केवळ थट्टा नव्हती.

आता मुख्य गोष्ट. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. १९४७ च्या वाहतूक कायद्यान्वये १ जानेवारी १९४८ रोजी देशातील बहुतेक सर्व रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. टॅलिलिन त्या यादीतून सुटली. शेजारच्या खोऱ्यात तिच्यासारखीच, पाटीचाच दगड वाहणारी, सव्वादोन फुटीच कॉरिस रेल्वे होती. ती ग्रेट वेस्टर्न कंपनीकडे असल्यामुळे राष्ट्रीयीकृत झाली. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये, म्हणजे आठच महिन्यांत, ती बंद झाली. नदीच्या पुराने रुळांजवळचा काठ खचत होता हे खरे; वाहतूक नगण्य होती हेही खरे. लंडनच्या कार्यालयातून पाहिले तर कॉरिससाठी एक पौंडही खर्च करणे समर्थनीय नव्हते. राष्ट्राची मालकी आली, पण त्या खोऱ्यातील माणसाला त्या मालकीत आपला वाटा कोठे आहे हे कधी कळले नाही. जी रेल्वे राष्ट्रीयीकरणातून चुकून वगळली गेली ती आज धावते आहे आणि जिला राष्ट्राने हाती घेतले ती आठ महिन्यांत संपली, ही गोष्ट आपल्याला अडचणीची आहे. अडचणीची आहे म्हणूनच ती आपल्या पत्रात छापून आली पाहिजे.

परंतु तिच्यावरून उलटा निष्कर्ष काढणाऱ्यांनीही थोडे थांबावे. टॅलिलिन वाचली ती बाजाराने नव्हे. बाजाराच्या न्यायाने ती १९४६ मध्येच, खाणीबरोबर, भंगारात जावयास हवी होती.

जुलै १९५० मध्ये जोन्स वारले. त्या आधीच एल. टी. सी. रोल्ट या लेखकाचे या रेल्वेकडे लक्ष गेले होते. रोल्ट व्यवसायाने यंत्र-अभियंते. जुने कालवे वाचविण्याच्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. ते समाजवादी नव्हते. सरकारी खाते असो की मोठी कंपनी, प्रचंड आकाराच्या प्रत्येक यंत्रणेविषयी त्यांना अविश्वास होता. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात त्यांनी सभा बोलाविली. सत्तरएक माणसे जमली आणि रेल्वेच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. जोन्स यांच्या पत्नीने रेल्वेचे भाग विकून पैसा उभा केला नाही. ते एका धारक कंपनीकडे गेले आणि तिच्या कारभारात जोन्स यांच्या बाजूची आणि संस्थेची माणसे एकत्र बसली. नफा वाटावयाचा नाही हे ठरले. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. जगात अशा रीतीने प्रवासी रेल्वे चालविली जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या हंगामात धड चालणारे इंजिन होते एकच, डोलगोख नावाचे, १८६६ मध्ये बांधलेले. कॉरिसची दोन इंजिने बंद पडलेल्या अवस्थेत उभी होती. ती राष्ट्रीयीकृत रेल्वेने प्रत्येकी पंचवीस पौंडांना या संस्थेला विकली. त्यांपैकी एकाला हेडन जोन्स यांचे नाव दिले आणि दुसऱ्याला जुन्या व्यवस्थापकाचे. दोन्ही इंजिने पुढे कामाला लागली.

या कथेतील शौर्याचा भाग येथे संपतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा, कंटाळवाणा भाग. रूळ बदलणे, कुजलेले स्लीपर काढणे, चर साफ करणे, झुडपे तोडणे, बॉयलरच्या नळ्या तपासणे, तिकिटे फाडणे, शौचालये धुणे. हे काम सत्तर वर्षांहून अधिक काळ लोक आपल्या सुट्टीत येऊन करीत आहेत. पहिल्या पिढीतील बहुतेक जण वारले. त्यांच्या जागी दुसरे आले. १९७६ मध्ये मार्ग थोडा वाढवून डोंगरात पुढेही नेला. आज तेथे काही पगारी नोकर आहेत, पण मदार अजूनही स्वयंसेवकांवर आहे.

अर्थशास्त्र शिकविताना घसारा हा विषय विद्यार्थ्यांना सर्वांत नीरस वाटतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गुंतवणूक म्हटले की डोळे चमकतात. घसारा म्हटले की जांभया येतात. शासनकर्त्यांचे याहून वेगळे नसते. नव्या पुलाचे उद्घाटन होते, जुन्या पुलाच्या रंगकामाचे होत नाही. नियोजनाच्या काळात आपण किती धरणे बांधली याचा आकडा कार्यकर्त्यांना तोंडपाठ असे. कालव्यांच्या चाऱ्यांतील गाळ कोण काढणार, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. श्रमदानाची आपली परंपरा मोठी आहे. सेवा दलाच्या पथकांत किंवा सोमनाथच्या छावणीत ज्यांनी कुदळ हाती धरली त्यांना सामूहिक श्रमाचा आनंद काय असतो हे नव्याने सांगण्याची गरज नाही. पण खरे बोलावयाचे तर आपले श्रमदान बहुधा शिबिराचे राहिले. दहा दिवस गाणी म्हणत रस्ता केला. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून गेला तेव्हा आपण दुसऱ्या गावी दुसरा रस्ता करीत होतो. त्याच रस्त्यावर दर महिन्याला परत जाण्याची शिस्त आपल्या संघटनेत रुजली नाही. टॅलिलिनच्या माणसांनी नेमके तेवढेच केले.

हे श्रम फुकट आहेत, म्हणून त्यांना आर्थिक अर्थ नाही, असे मानणारे अर्थशास्त्र पुष्कळ आहे. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस या ब्रिटिश प्राध्यापकांनी रक्तदानावर एक पुस्तक लिहिले. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून मिळत होते, अमेरिकेत त्याचा बराच भाग विकत घेतला जात होता. विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे असते, अधिक वाया जाते, आणि मुख्य म्हणजे विक्री सुरू झाली की देण्याची वृत्तीही आटते, असे त्यांनी मांडले. आमच्या पिढीतील समाजवादी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते पुस्तक आवर्जून वाचले आहे. टॅलिलिनचा हिशेब टिटमस यांच्या भाषेतच समजतो. गँगमनच्या कामाला कोणी मजुरी देऊ केली असती तर बर्मिंगहॅमचा कारकून पावसात चिखल उपसावयास आला नसता. तो येतो याचे कारण त्या चिखलातील रुळावर त्याचा हक्क आहे. तो हक्क विकता येणारा नाही, आणि तो दुसऱ्या कोणाचा नफाही वाढवीत नाही. उद्या त्या रेल्वेचे भाग बाजारात विकावयास काढले तर परवा एकही स्वयंसेवक उरणार नाही. म्हणजे मालकीचा प्रश्न येथेही आहेच. तो कायद्याच्या एका कलमाने सुटत नाही, एवढेच.

याच भागातील फेस्टिनिऑग रेल्वेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तीही पाटीच्या दगडाची, तीही स्वयंसेवकांनी १९५५ मध्ये पुन्हा सुरू केलेली. वीजनिर्मितीसाठी सरकारी विद्युत मंडळाने तिच्या मार्गावर जलाशय बांधला आणि मार्ग पाण्याखाली गेला. भरपाईसाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. इकडे स्वयंसेवकांनी १९६५ पासून डोंगर फोडून, वळसा घालून नवा मार्ग काढण्यास सुरुवात केली. नवा बोगदा पगारी माणसांकडून झाला. बाकीची खणाई बरीचशी हाताने आणि फावल्या वेळात. १९८२ मध्ये गाडी पुन्हा ब्लायनाय फेस्टिनिऑगला पोचली. मार्ग वळवणाऱ्या या मंडळींना विनोदाने ‘डेव्हिएशनिस्ट’ म्हणत. पक्षीय ठरावांत हा शब्द कोणासाठी वापरला जाई हे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. येथे मात्र मार्गच्युत मंडळीच मुक्कामाला पोचली.

असो. एवढे कौतुक केल्यावर आता शंका मांडली पाहिजे, आणि ती किरकोळ नाही.

पहिली शंका मजुरीची. जेथे माणूस पगारावर काम करीत होता तेथे दुसरा फुकट काम करू लागला, तर पहिल्याचे काय? टॅलिलिनच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही, कारण रेल्वे मरणपंथाला लागली होती आणि जे थोडे कामगार उरले होते त्यांना ठेवूनच काम पुढे गेले. पण तत्त्व म्हणून तो प्रश्न राहतोच. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरन यांच्या सरकारने ‘मोठा समाज’ अशी घोषणा दिली आणि त्याबरोबर स्थानिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लावली. पुढच्या वर्षांत कितीतरी सार्वजनिक ग्रंथालये पगारी ग्रंथपाल काढून स्वयंसेवकांच्या हवाली झाली. ही सेवावृत्ती नव्हे. सेवावृत्तीची ही लूट आहे. ज्या कामाची जबाबदारी समाजाने शासनावर टाकली आहे ते काम शासनाने पगार देऊनच करून घेतले पाहिजे. रोज कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी, दवाखाना, शाळा, ग्रंथालय यांना हौशी माणसांच्या सवडीवर सोडता येत नाही. ज्या वस्तूचा रोजचा उपयोग संपला आहे पण जिची आठवण समाजाला हवी आहे, तिचीच राखण स्वयंसेवेला साजते. ही रेषा आपल्या कामगार संघटनांनी स्पष्ट ठेवावी.

दुसरी शंका याहून खोल आहे. आठवण हवी म्हटले; पण कोणाची? टॅलिलिन वाचविणारे पहिले स्वयंसेवक बहुतेक इंग्लंडच्या मध्य भागातील, शिकलेले, इंग्रजी बोलणारे. खाणीतील कामगार वेल्श बोलणारे, चॅपेलला जाणारे, पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे. पहिल्यांना प्रेम होते इंजिनाचे. त्या सुरुवातीच्या स्वयंसेवकांत रेव्हरंड ऑड्री हे एक पाद्री होते. बोलणाऱ्या इंजिनांच्या त्यांच्या बालकथा जगभर गेल्या, आणि आज आपल्या नातवंडांच्या खेळण्यांतही ती इंजिने सापडतात. १९५५ मध्ये त्यांनी टॅलिलिनच्या इंजिनांवर बेतलेली गोष्टींची मालिका सुरू केली. इंजिनांना चेहरे मिळाले, स्वभाव मिळाले, रुसवेफुगवे मिळाले. ज्यांनी त्या इंजिनांसाठी डोंगर पोखरला त्यांना त्या पुस्तकांत चेहरा मिळाला नाही.

त्या कामगारांचा इतिहास लहान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या या धंद्यात सुमारे सतरा हजार माणसे होती. १९०० च्या नोव्हेंबरात पेनरिनच्या खाणीतील सुमारे अठ्ठावीसशे कामगार काम सोडून बाहेर पडले आणि हा लढा तीन वर्षे चालला. ‘या घरात कोणी फितूर नाही’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या घरोघर खिडक्यांत लागल्या होत्या. ज्या घरातील चिठ्ठी निघाली तेथील माणूस कामावर गेला असे गावाने समजावे. लढा हरला. त्या गावांत तीन पिढ्या त्या चिठ्ठीवरून वैर धुमसत राहिले. दगडाची धूळ फुप्फुसांत साठून माणसे मेली, आणि त्या रोगाच्या भरपाईचा कायदा होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. तोही कसा झाला पाहा : मार्च १९७९ मध्ये कॅलहॅन यांच्या मजूर सरकारवर अविश्वासाचा ठराव आला, तेव्हा वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाच्या तीन सभासदांनी या कायद्याच्या आश्वासनावर सरकारच्या बाजूने मत दिले. सरकार एका मताने पडले. कायदा मात्र झाला.

ही आठवण कोणी जपली? रेल्वेच्या स्वयंसेवकांनी ती प्रथम जपली नाही. ती जपली सार्वजनिक संग्रहालयाने. डिनॉर्विगची खाण १९६९ मध्ये बंद पडली आणि तिच्या कर्मशाळेत १९७२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग म्हणून पाटीच्या दगडाचे संग्रहालय उघडले. पुढे तेथे खाणकामगारांच्या घरांची एक रांगच दगडन्‌दगड काढून आणून पुन्हा उभी केली. त्यातील एक घर १८६१ मधील भरभराटीच्या काळासारखे मांडलेले, एक १९०१ मधील पेनरिनच्या संपातल्या घरासारखे आणि एक १९६९ मधील, खाण बंद झाली त्या वेळच्यासारखे. २०२४ च्या अखेरीस ते नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. संपातील घर राष्ट्रीय संग्रहालयात मांडावे, त्यातील रिकामी फळी लोकांना दाखवावी, हे शासनाच्या पैशाने झाले. म्हणजे जी राष्ट्रीय मालकी कॉरिसच्या बाबतीत आंधळी ठरली तिने येथे जे पाहिले ते हौशी डोळ्यांना दिसले नव्हते. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा ब्रिन एग्लुइसची खाण, अबरगनोलविन गाव आणि टॅलिलिन रेल्वे ही तिन्ही एकत्र धरली. खाण, गाव आणि रेल्वे ही एकच वस्तू आहे हे मान्य व्हावयास स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटल्यापासून सत्तर वर्षे लागली.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात याच जातीची मोठी रेल्वे होती ती बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ती कल्पना : अडीच फुटी मार्ग, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही पुष्कळ माल. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीकडून बार्शीला गेली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. कंपनी विलायतेतील, माल मराठवाड्याच्या सीमेवरचा, प्रवासी बरेचसे वारकरी. १९५४ च्या आरंभी सरकारने ती घेतली, आणि २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने ती ब्रॉडगेज झाली.

नॅरोगेज गेली म्हणून गळा काढणारा हा लेख नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातूरला पोचली. ती ज्या मार्गाने गेली तो बहुतांशी जुन्या बार्शी लाइटचा मार्ग. अडीच फुटी रुळांवरून लातूरची तहान भागली नसती. लोकांनी रुंदीकरण मागितले ते योग्यच होते. वऱ्हाडातील शकुंतलेचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. कापूस नेण्यासाठी किलिक निक्सनच्या कंपनीने घातलेली ही मूर्तिजापूरची नॅरोगेज. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. यवतमाळकडची आणि अचलपूरकडची, दोन्ही गाड्या थांबल्या आणि गरीब प्रवाशाच्या हाती बसचे महाग तिकीट आले. तेथे लोकांची मागणी आठवणीची नाही, गाडीची आहे. ती शासनाकडेच केली पाहिजे. शकुंतलेला ‘वारसा’ म्हणून मोकळे होण्याची सोय शासनाला देऊ नये. माथेरानची छोटी गाडी २०१९ च्या पावसात वाहून गेलेल्या मार्गामुळे बंद पडली ती नेरळहून पुन्हा पूर्ण सुरू व्हावयास ऑक्टोबर २०२२ उजाडला. तिच्यासाठी पर्यटक आणि हॉटेलवाले ओरड करू शकतात. बार्शी लाइटच्या जुन्या गँगमनसाठी कोण ओरडणार?

आपल्याकडे रेल्वे चालविणे हे केंद्र शासनाचे काम आहे आणि तसेच ते असावे. रोल्ट यांच्यासारखी गाडी चालविण्याचा मार्ग आपल्याला मोकळा नाही, त्याची खंतही नको. पण रेल्वेचा वारसा म्हणून आपण काय मांडतो, ते पाहावे. चौकात रंगविलेले इंजिन, राजेमहाराजांचे डबे, साहेबांच्या घड्याळ्या. मे १९७४ मध्ये देशभरातील लाखो रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला. माणसे तुरुंगात गेली, नोकऱ्या गेल्या, कुटुंबे रेल्वेच्या वसाहतींतून बाहेर काढली गेली. पेनरिनच्या संपाचे घर वेल्सने मांडले. आपला मे १९७४ कोणत्या दालनात आहे? त्या संपाचे नेतृत्व ज्या चळवळीने केले तिच्याच कार्यकर्त्यांना हा प्रश्न नाही विचारावयाचा तर कोणाला?

यासाठी रूळ लागत नाहीत, इंजिन लागत नाही. बार्शी लाइटची दुरुस्ती-कर्मशाळा कुर्डुवाडीस होती. तेथे नॅरोगेजच्या इंजिनांवर हात चालविलेले फिटर, बॉयलरवाले, खलाशी. मार्गावर स्लीपर बदललेले गँगमन. आषाढीच्या गर्दीत टपावर बसलेल्या माणसांना खाली उतरविणारे गार्ड. फाटकवाल्यांच्या बायका, ज्यांनी नवरा आजारी असताना बिनपगारी फाटक सांभाळले : ही माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरांतील ट्रंकांत पगाराच्या चिठ्ठ्या, निलंबनाचे हुकूम, युनियनची पत्रके, गटाचे फोटो पडून आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतील काही रद्दीत जातात. कामगाराशी त्याच्या बोलीत बोलणारी दोन माणसे, ध्वनिमुद्रण करणारा एखादा मोबाइल फोन, आणि कागद जपून ठेवणारे एक सार्वजनिक वाचनालय एवढ्यावर सुरुवात होते. इंजिनाचा क्रमांक विचारण्याआधी दिवसाला किती तास काम होते, अपघातात हात गेला तर काय मिळाले, गँगमध्ये कोणत्या जातीची माणसे होती आणि पाण्याचा माठ एक होता की दोन, हे विचारावे. उत्तरे नेहमी आपल्या चळवळीला सोयीची असतील असे नाही. १९७४ मध्ये कामावर गेलेल्यांचेही म्हणणे टिपून घ्यावे लागेल.

आणि एकदा जाऊन भागणार नाही. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, मिरज आणि लातूर येथील शाखांनी महिन्यातील एक रविवार यासाठी राखून ठेवावा, कोणत्या गावी कोण जाणार याची नावे पुढच्या बैठकीत लिहून काढावीत, आणि पावसाळ्याआधी निदान कुर्डुवाडीच्या निवृत्त कामगारांची घरे पालथी घालावीत.